कराडचं सरकारी कॉलेज की पुण्यातलं नावाजलेलं अभिमत विद्यापीठ? लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा पेच

माणगंगा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, फार तर पाककृतींच्या धाग्यावर एखादा प्रश्न विचारते. आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे.

आम्ही विट्याचे. मिस्टरांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढला आहे. धाकटा दहावीला. थोरलीला यंदा सीईटीला पंच्याण्णवच्या वर पर्सेंटाइल आलंय. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेल असं वाटतं. आयटी अगदी काठावर आहे.

दुसरीकडे पुण्यातल्या एका अभिमत विद्यापीठाची वेगळी परीक्षा तिने दिली होती. तिथे कॉम्प्युटर सायन्सला नंबर लागलाय. नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे, जाहिराती रोज दिसतात. फी वर्षाला साडेतीन लाख, हॉस्टेल-मेसचे दीड लाख वेगळे. पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. तिथून फोन येतोय, "मॅडम, सीट होल्ड केलीय, नंतर सांगू शकत नाही."

लेकीला पुणेच हवंय. मिस्टर म्हणतात, वर्षाला तीन लाख कर्ज काढू, वरचं दुकानातून बघू. सासरे तर रान तारण ठेवायला निघालेत. माझं मन कराडकडे आहे, पण उद्या तिने "तेव्हा का नाही पाठवलंत" म्हटलं तर काय उत्तर देऊ? अनुभवी लोकांनी सांगावं.

टिवल्याबावल्या
डोळे झाकून कॉम्प्युटर घ्या. कॉलेज कुठलं का असेना. इलेक्ट्रिकलवाले पण शेवटी कोडच लिहितात, मग आधीपासून तेच का नको?

शून्यशेष
ताई, मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. कॉलेज कुठलं चांगलं ते इतर सांगतील, मी फक्त आकडे मांडतो.

दर वर्षी तीन लाख याप्रमाणे चार वर्षांत बारा लाख कर्ज. व्याजदर हिशोबाला सोपा म्हणून १० टक्के धरू. मुलींना बऱ्याच बँका अर्धा टक्का सवलत देतात, तो भाग वेगळा. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. पहिल्या तीन लाखांवर पाच वर्षांचं दीड लाख, दुसऱ्यावर एक लाख वीस हजार, तिसऱ्यावर नव्वद हजार, चौथ्यावर साठ. एकूण चार लाख वीस हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज बाराचं नाही, १६ लाख २० हजारांचं असेल. दहा वर्षांच्या मुदतीवर महिन्याला साधारण २१,४०० रुपये. सगळे हप्ते मिळून पावणेसव्वीस लाखांच्या जवळ.

शिकत असतानाच महिन्याच्या महिन्याला व्याज भरत राहिलात तर मुद्दल बारावरच राहतं आणि हप्ता सोळा हजारांच्या आत येतो. बऱ्याच बँका त्यासाठी दरातही थोडी सूट देतात.

आता तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचा. खर्च वर्षाला पाच लाख, कर्ज तीन. वरचे दोन लाख दर वर्षी दुकानातून, म्हणजे चार वर्षांत आठ लाख रोख, आणि त्यात मध्येच धाकट्याची बारावी. दुकानाचा एक हंगाम मंदा गेला तर काय करणार, हे यजमानांना आजच विचारा.

रान तारण ठेवण्याआधी एक गोष्ट तपासा. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली. तिच्या यादीत असलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर पात्र विद्यार्थ्यांना तीन टक्के व्याज सवलत आहे. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर दिसतं. नसेल तर साडेसात लाखांच्या पुढे बँक तारण मागणारच. करात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

माणगंगा
शून्यशेषकाका, धन्यवाद. मिस्टरांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पण नोकरी चांगली लागली तर?" तोच प्रश्न आहे खरा.

सोनकी
मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि दर वर्षी कॅम्पसला जाणाऱ्या टीममध्ये असते, म्हणून आतली बाजू सांगते.

एचआरकडे एक एक्सेल शीट असते. त्यात कॉलेजांची नावं, मागच्या वर्षी किती जणांना ऑफर दिली, किती रुजू झाले, वर्षभरात किती सोडून गेले. यादीत नाव असेल तर आम्ही जातो, नाहीतर नाही. त्या अर्थी "नावाचा" उपयोग होतो, खोटं कशाला बोलू. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी ही नावं त्या यादीतून सहसा हलत नाहीत. पण मोठ्या खासगी ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या नवनव्या भावंडांच्या (एआय, डेटा सायन्स, सायबर) मिळून एका वर्षात हजारभर मुलं असू शकतात. आम्ही तिथे जाऊन घेतो किती? मूठभर. बाकीच्यांना त्याच मोठ्या आयटी कंपन्यांची, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासची ऑफर, जी विट्याच्या शेजारच्या कॉलेजातूनही मिळते. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षेला तर कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी बसू शकतो.

त्यामुळे माहितीपत्रकावरचं "हायेस्ट पॅकेज" बघूच नका. तो एका मुलाचा पगार असतो. तुम्ही असं करा. एनआयआरएफला (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) माहिती देणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. पानाच्या तळाशी कुठेतरी 'एनआयआरएफ' अशी बारीक लिंक असते, ती उघडली की पीडीएफ मिळते. त्यात चार वर्षांच्या यूजी अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा. पहिल्या वर्षाला किती आले, ठरल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यांक किती, पुढे शिकायला किती गेले, सगळं एका ओळीत असतं. नोकरी लागलेल्यांना पास झालेल्यांनी भागा. मग मध्यांक बघा. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळालं. आणि काकांनी काढलेला २१,४०० चा हप्ता त्या निम्म्यांतल्या एखाद्या मुलीच्या हातात येणाऱ्या पगारातून वजा करून बघा. साडेतीन लाखांच्या नोकरीत महिन्याला हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात. पुण्यात खोलीभाडं कशातून देणार?

त्या तक्त्यात शाखानिहाय आकडे नसतात, एवढं लक्षात ठेवा. शाखेचे हवे असतील तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना लिंक्डइनवर गाठायचं. मुलं खरं सांगतात, प्लेसमेंट ऑफिस सांगत नाही.

घरचा आहेर
सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून विरोधी सूर लावतो. मी तासगावकडचा. वडिलांनी द्राक्षबाग असताना कर्ज काढून मला पुण्यात महागड्या कॉलेजात घातलं. तिथल्या शिक्षकांनी फार काही दिवे लावले नाहीत, पण शेजारच्या खोलीतली मुलं वेगळी होती. कोणी दुसऱ्या वर्षातच कुठल्यातरी स्टार्टअपसाठी काम करत होता, कोणी इंटर्नशिपसाठी शंभर मेल टाकत होता. मला तोवर इंटर्नशिप नावाची गोष्टच माहीत नव्हती. इंग्रजीत तोंड उघडायची भीती गेली. पहिली नोकरी कॅम्पसमधून लागली नाही, वरच्या वर्गातल्या एका दोस्ताने रेझ्युमे पुढे सरकवला म्हणून लागली. हे सगळं एक्सेल शीटमध्ये दिसत नाही, सोनकीताई.

गावाकडच्या हुशार मुलीला "आपल्याला परवडेल तेवढंच बघ" असं अठराव्या वर्षी सांगितलं की ती पुढेही तेवढंच बघते. मुलगा असता तर रान तारण ठेवताना एवढी चर्चा झाली असती का, हाही प्रश्न आहे. तुमच्यावर रोख नाही माणगंगाताई, सासरे तर तयारच आहेत. पण एकूणच.

सोनकी
@घरचा आहेर, दोस्तांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त तो पुण्याचा गुण आहे, साडेतीन लाखांच्या फीचा नाही.

काळी माती
मी नांदेडच्या विष्णुपुरीचा, एसजीजीएसचा. कॉलेज शासनाचंच म्हणा. सरकारी कॉलेजची बाजू सगळे घेतात, पण तिथं काय असतं तेही ऐका. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, काही विषय तासिका तत्त्वावरच्या सरांनी येऊन उरकलेले. लॅबमधली काही यंत्रं वडिलांच्या वयाची. मेसची भाजी तर विचारूच नका. माझ्या एका मित्राच्या सरकारी कॉलेजात तर एका विषयाला अख्खं सत्र शिक्षकच नव्हता.

तरी पोरं चांगली निघतात. कारण आत येणारं पोरगं मेरिटवर आलेलं असतं आणि डोक्यावर कर्ज नसल्याने त्याला दोन वर्षं थांबायची मुभा असते. मी गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) दिली, आयआयटीत एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड घेऊन शिकलो, घरून एक रुपया मागितला नाही. डोक्यावर हप्ता असता तर चौथ्या वर्षी मिळेल ती नोकरी धरली असती.

आणि टिवल्याबावल्या, इलेक्ट्रिकलला एवढं हलकं धरू नका. महापारेषण, महावितरण, एनटीपीसी, पॉवरग्रिड, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. शिवाय सोलर आणि ईव्हीमुळे या शाखेला आता मागणी आहे. कोडच लिहायचा असेल तर इलेक्ट्रिकल करता करता कॉम्प्युटरमधली मायनर (जोडविषय) घेता येते, ते कॉलेजात विचारून घ्या.

टिवल्याबावल्या
बरं बाबा. पण विंडिंग कोण करणार चार वर्षं?

काळी माती
विंडिंग एका प्रॅक्टिकलला असतं. तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेज बाहेरूनच बघितलंय वाटतं :)

विहीरबागायत
मंडळी, एवढे प्रतिसाद आले पण मुख्य गोष्ट कोणीच बोललं नाही. धागाकर्तीने पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय, मुलगी आहे, ईडब्ल्यूएस आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पूर्वी हे पन्नास टक्के होतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे ताई, तुमच्या लेकीला पुण्याच्या त्या विद्यापीठात या योजनेचा एक रुपया मिळणार नाही, तिथे पूर्ण साडेतीन लाख.

पण कॅपमधल्या खासगी कॉलेजला ही माफी लागू आहे! त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तेव्हा "स्वस्त कराड की महाग पुणे" हा पेच मुळात तुमचा नाहीच. कॅपमधून पुण्यातलं चांगलं खासगी कॉलेज मिळालं तर तिथलं शिक्षण शुल्कही माफ. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस हे भरावं लागेल, पण तो आकडा पाच लाखांच्या जवळपासही जात नाही. कर्वेनगरचं कमिन्स हे मुलींचं कॉलेज आहे, कंपन्यांत त्याला मान आहे. तिथल्या कॉम्प्युटरचं कटऑफ वर असतं, इतर शाखा बघा. सांगलीचं वालचंद अनुदानित आहे, १९४७ चं, घरापासून लांब नाही. तेही यादीत वर टाका.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा असतो, एकदा भरून विसरायचा नाही. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं. आणि एखाद्या कॉलेजने "आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत करू" म्हटलं तर शासन निर्णयाची प्रत समोर ठेवा.

माणगंगा
मला हे माहीत होतं, पण ते फक्त सरकारी कॉलेजला आहे असं समजत होते. फोनवरच्या त्या बाईंनी तर "स्कॉलरशिप आमच्याकडेही आहे मॅडम" असं सांगितलं होतं!

विहीरबागायत
त्यांची स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती असेल. ती पुढच्या वर्षी टिकवायला किती सीजीपीए लागतो ते लेखी मागा. तोंडी नको.

ओहायोचा पाऊस
एमएसचा विचार असेल तर एवढंच सांगतो. इथे अमेरिकेत प्रवेश समितीला आयआयटी आणि बिट्स सोडलं तर भारतातल्या खासगी नावांमधला फरक सहसा कळत नाही. गुण, प्रोजेक्ट, शिफारसपत्रं यांवर गाडी चालते. पदवीलाच वीस लाख घातले तर एमएससाठी पुन्हा कर्ज कोण देणार? माझी स्वतःची मुलगी इथे राज्य विद्यापीठात आहे, रहिवासी म्हणून फी कमी लागते. शेजारच्यांनी नावाजलेल्या खासगी कॉलेजात पाठवलं. भेटलो की बोलणं दरवेळी फीवरच येतं.

माणगंगा
आईच्या आयडीवरून लिहितेय, मी ती मुलगी. आईने सगळा धागा वाचायला दिला.

कोणी मला काही विचारलंच नाही म्हणून सांगते. मला काचेच्या इमारतींचं काही नाही. एनआयआरएफचा तक्ता मी काल रात्री बघितला, सोनकीताई, त्या विद्यापीठाचा मध्यांक त्यांच्या बॅनरवरच्या आकड्याच्या आसपासही नाहीये. इलेक्ट्रिकल मला आवडतं सुद्धा.

पण कराडला मावशी विद्यानगरलाच राहते, कॉलेजच्या जवळच. मी तिच्याकडे राहायचं हे मला न विचारता ठरून गेलंय. म्हणजे चार वर्षं सातच्या आत घरात, दर शनिवारी एसटीने विटा, आणि मावशीचा आईला रोज फोन. अकरावी-बारावी मी क्लास ते घर, घर ते क्लास केलंय. मला हॉस्टेलला राहायचंय. पुणे म्हटलं की हॉस्टेल आपोआप येतं, म्हणून पुणे.

घरचा आहेर
अगं मग हे पहिल्या दिवशीच सांगायचंस! एवढे आकडे झाले त्याच्याशिवाय.

काळी माती
शाब्बास. पोरी, हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भर. सरकारी हॉस्टेलच्या जागा मेरिटवर जातात आणि जवळ राहणाऱ्यांना शेवटी विचारतात. "मावशीकडे सोय आहे" असं कुठल्याही फॉर्मवर चुकूनही लिहू नकोस.

सोनकी
आणि आत गेल्यावर पहिल्या वर्षापासून एखाद्या टीममध्ये शिर. रोबोकॉन, बाहा, सोलर कार, जे असेल ते. मुलाखतीत आम्ही त्यावरच तासभर बोलतो. तिथल्या सीनियर मुली शोध, पुढे त्यांचाच उपयोग होतो.

शून्यशेष
मावशीकडे राहण्याचा खर्च आणि हॉस्टेल-मेसचा खर्च यातला फरक फार नसतो, माणगंगाताई. दोन लाख दर वर्षी दुकानातून काढायची तयारी होतीच ना? त्यातले थोडे इथे लागले तर चालतील.

माणगंगा
आता मीच लिहिते आहे, लेक नाही.

काल जेवताना बरीच वादावादी झाली. बहिणीला काय वाटेल, हा माझा मुद्दा होता. लेक म्हणाली, मी रविवारी जेवायला जाईन मावशीकडे. मिस्टरांनी तिचीच बाजू घेतली, ते मला अनपेक्षित होतं. सासरे अजून थोडे नाराज आहेत. भावकीत "पुण्याला टाकली" असं सांगून झालं होतं त्यांचं.

शुक्रवारचा हप्ता भरत नाही आहोत. विकल्प अर्जात सध्या असा क्रम ठरला आहे: वालचंद इलेक्ट्रिकल, कमिन्स ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), कराड आयटी, कराड इलेक्ट्रिकल, मग पुण्यातली दोन खासगी. हॉस्टेल कुठेही मिळालं तर हॉस्टेलच, हे लेखी घेतलंय तिने आमच्याकडून, वहीच्या पानावर, दोघांच्या सह्यांसकट.

क्रमात काही चुकत असेल तर सांगा, परवापर्यंत बदलता येतो.

विहीरबागायत
क्रम ठीक आहे, फक्त एकदा नियम समजून घ्या. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का, पुढे थांबता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणून कटऑफ बघून "हे तर मिळेलच" म्हणून काही वर टाकू नका, खरंच जे हवंय तेच वर. लेकीला वालचंदपेक्षा कराड आयटी जास्त हवं असेल तर आजच बदला. यंदाचं माहितीपत्रकही उघडून बघा, नियम दर वर्षी थोडेफार हलतात.

आणि ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे ना? केंद्राचा वेगळा असतो. पडताळणीला लोक केंद्राचा घेऊन जातात आणि परत पाठवले जातात.

माणगंगा
बघितला. केंद्राचाच आहे. मिस्टर उद्या सकाळी तहसीलला जात आहेत.

विहीरबागायत
सेतूत गर्दी असेल, दहाच्या आत पोचा. रेशनकार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या.